अचल

युकसमला आम्ही ज्या घरी उतरलो होतो, तिथल्या म्हाताऱ्यानं चहाचा पेला पुढं करत विचारलं, नोकरीत काय करायचात? त्याचं हिंदी माझ्यापेक्षा बरं होतं. मी म्हटलं, धरणं बांधायचो. एरवी हे सांगितलं की समोरचा माणूस 'अरे वा' म्हणतो, नाहीतर कोयनेबद्दल काहीतरी विचारतो. म्हाताऱ्यानं खिडकीबाहेर बघितलं. खाली दरीत राथोंग छू वाजत होती. छू म्हणजे पाणी, नदी. "इथंही बांधणार होते," तो म्हणाला, आणि बिस्किटांची बशी माझ्याकडं सरकवली.

मला ते ठाऊक होतं. निघण्याआधी मी सिक्कीमवर जे मिळेल ते वाचलं होतं. जुन्या सवयीनं आधी आकडे पाहिले. राज्याचं क्षेत्रफळ ७०९६ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या एकट्या सातारा जिल्ह्याहून लहान, सातारा १०,४८०. पण नकाशा उघडला की सातारा सपाट वाटायला लागतो. दक्षिणेला तीस्तेच्या काठावर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर, आणि तिथून सरळ रेषेत मुंबई-पुण्याइतकंही अंतर जायच्या आत ८५८६ मीटरचं कांचनजंगा. समोच्चरेषा इतक्या दाट, की कागदावर कुणी तपकिरी शाई सांडली असावी असं वाटतं. खाली सालाची झाडं, घामट हवा. थोडं वर गेलं की उतीस नावाच्या झाडाच्या सावलीत मोठी वेलची. त्याच्यावर शेवाळानं लडबडलेले ओक, मग गुरांस, ज्याला आपण ऱ्होडोडेंड्रॉन म्हणतो. एप्रिलमध्ये डोंगराला ताप चढावा तसा तो लाल फुलला होता. त्यावर सूचिपर्णी, त्यावर खुरटं जुनिपर, आणि मग नुसता दगड आणि बर्फ. आपल्याकडं कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत जायला लागतं तेवढे ऋतू इथं एकाच उतारावर एकमेकांच्या डोक्यावर बसलेत.

असा उतार बघितला की पाटबंधारे खात्यातल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं. खोटं कशाला बोलू? इतकी उंची आणि बारमाही बर्फाचं पाणी. राथोंग छूवर ३० मेगावॉटचा प्रकल्प होता. आमच्या हिशेबात किरकोळ. काम सुरूही झालेलं. १९९७ साली राज्य सरकारनं तो रद्द केला, आणि त्यामागं लामांचा आणि लोकांचा जो विरोध होता त्याचं मुख्य म्हणणं एवढंच, की ही दरी पवित्र आहे. १६४२ साली तीन लामांनी मिळून सिक्कीमच्या पहिल्या राजाला, चोग्यालला, गादीवर बसवलं ते इथंच. ते दगडी आसन अजून झाडाखाली आहे. याच नदीचं पाणी खाली ताशिदिंगच्या मठात पूजेला जातं.

नोकरीच्या काळात मी प्रकल्प थांबलेले खूप पाहिले. पैसे संपले म्हणून, वनखात्याची परवानगी नाही म्हणून, पुनर्वसनाची जमीन मिळेना म्हणून, कंत्राटदार पळाला म्हणून. देव आहे म्हणून थांबलेला एकही नाही. आमच्याकडं देव आडवा आला की देव हलवतात.

मीही हलवलाय. म्हाताऱ्याला ते सांगावं की नाही याचा विचार करत मी चहा पीत राहिलो, आणि मग सांगितलं.

जावळीच्या अंगाला एक मध्यम प्रकल्प होता. मी तेव्हा शाखा अभियंता. बुडीत क्षेत्राची मोजणी माझ्याकडं, म्हणजे पूर्ण संचय पातळीची रेषा जमिनीवर आखून तिच्यावर दगड रोवायचे. रेषेच्या आत आलं ते पाण्याचं. त्या रेषेच्या आत एका गावाची देवराई आली. तीन-साडेतीन एकर. आत जांभूळ, हिरडा, अंजनी, गेळा, आणि माणसाच्या मांडीएवढी जाड गारंबीची वेल. मधे उघड्यावर शेंदूर फासलेला तांदळा, तीच देवी. त्या रानातली वाळकी काडीसुद्धा कुणी चुलीला नेत नसे. मूल्यांकनाच्या तक्त्यात ती झाडं आम्ही 'जळाऊ' या रकान्यात घातली, कारण इमारती लाकडाच्या यादीत ती बसेनात. त्या दिवशी मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. रकाना रिकामा ठेवता येत नाही.

घळभरणी, म्हणजे धरणातली नदीच्या पात्राची फट बुजवणं, पावसाळ्याच्या आत व्हायला हवी होती. गावानं सांगितलं, देवीला विचारल्याशिवाय हलणार नाही. मग कौल. गुरवानं ओल्या कळ्या तांदळ्याला दोन्ही बाजूंनी चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार. पहिल्यांदा डावी पडली. थोडा वेळ थांबून पुन्हा लावल्या, पुन्हा डावी. मी फाइल घेऊन लांब झाडाखाली उभा होतो आणि मनातल्या मनात चक्क नवस बोलत होतो. तिसऱ्यांदा उजवी पडली. गाव हललं. देवीला पालखीतून वाजतगाजत नव्या गावठाणात नेलं, सिमेंटच्या देवळात बसवलं, फरशी बसवली, लाइट घेतला. पालखी निघताना एक म्हातारी कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली होती, "देवी न्याल उचलून. रान कसं न्याल?"

युकसमच्या म्हाताऱ्यानं हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमची देवी ऐकते, बरंय. आमचा ऐकत नाही." आणि हसला. टोमणा होता की कौतुक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आपल्याकडं मूर्तीचे दोन प्रकार शास्त्रानंच केलेत, चल आणि अचल. चल मूर्ती हलवता येते, पालखीत बसते, नदीवर जाते. तुळजापूरची भवानी चल आहे; वर्षातून तीनदा सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते. पंढरीचा विठोबा एकदा थेट विजयनगरपर्यंत गेला आणि भानुदासांनी परत आणला असं परंपरा सांगते. आवाहन करावं, येतो. विसर्जन करावं, जातो. गणपतीला तर आपण दीड दिवसाचीही मुदत घालतो. यात काही उणेपणा आहे असं मी म्हणत नाही. उलट ज्या लोकांना दुष्काळानं, स्वाऱ्यांनी, धरणांनी सारखं उठवलं, त्यांना बरोबर येणारा देव लागतोच. न येणारा देव घेऊन ते काय करणार होते?

अचल म्हणजे जी हलत नाही ती. संस्कृतात त्याच शब्दाचा दुसरा अर्थ पर्वत. हे मला शाळेत शिकवलं होतं. कळलं मात्र पेलिंगला, पहाटे साडेचारला, अंगात दोन स्वेटर घालून गच्चीवर उभा असताना. अजून अंधार होता. आकाशात, मी जिथं ढग असेल असं समजत होतो त्याच्याही बरंच वर, एक गुलाबी डाग उमटला. मी मान आणखी वर केली. इतक्या उंचीवर जमीन असते हे माझ्या मानेला माहीत नव्हतं. आमच्या ग्रुपमधले एक सराफ म्हणाले, "सोन्यासारखं दिसतंय." त्यांचा दोष नाही. मला मात्र तिथं रंगापेक्षा निराळंच काहीतरी जाणवलं. हे माझ्यासाठी नाही, असं.

कांचनजंगा या नावात पाच खजिने आहेत: मोठ्या हिमाचे पाच खजिने. मीठ, सोनं आणि पिरोजा, ग्रंथ, शस्त्रं, धान्य आणि औषधं; याद्या थोड्या वेगवेगळ्या सांगतात. भूतिया बौद्धांचा तिथला देव लाल चेहऱ्याचा आहे, हिमसिंहावर बसतो. दर वर्षी पांग ल्हाबसोलच्या सणात मुखवटे घालून त्याचं नृत्य करतात. लेपचा लोकांचं नातं याहून जवळचं. त्यांचं पहिलं जोडपं याच शिखराच्या शुद्ध बर्फापासून घडवलं गेलं, आणि त्यांच्या प्रत्येक कुळाला आपलं एक शिखर, एक तळं आणि एक दार असतं. मेल्यावर जीव तिकडं परततो. आमच्या मराठा कुळांचं देवक असतं, कुणाचं कदंबाचं, कुणाचं मोरपिसाचं. पण ते आम्ही लग्नात मांडवाच्या खांबाला बांधतो आणि मांडव उठला की सोडतो. यांचं देवक बर्फाचं. म्हातारा लेपचा होता. त्याचं शिखर कुठलं हे विचारायचा धीर मला झाला नाही. ती चौकशी कुणाच्या खात्यातली शिल्लक विचारण्यासारखी वाटली.

या डोंगराच्या माथ्याशी माणूस पहिल्यांदा पोचला तो २५ मे १९५५ला. चार्ल्स इव्हान्स यांच्या ब्रिटिश मोहिमेतले जो ब्राउन आणि जॉर्ज बँड. चोग्यालला दिलेल्या शब्दाप्रमाणे ते माथ्याच्या काही फूट खाली थांबले आणि परत फिरले. दुसऱ्या दिवशी त्याच मोहिमेतले दोघं आले, तेही तिथंच थांबले. पुढं येणाऱ्या बऱ्याच जणांनी ही रीत पाळली. २००१मध्ये सिक्कीमनं आपल्या बाजूनं चढाईच बंद केली. नेपाळच्या बाजूनं मोहिमा अजून जातात. पुण्याच्या गिरिप्रेमीचे दहा जण २०१९च्या मे महिन्यात तिकडूनच गेले. एकाच शिखराला एका अंगानं बंदी, दुसऱ्या अंगानं परवाना. सीमारेषा देवाच्या डोक्यावरून गेल्यावर असं होणारच.

माथ्याखाली थांबण्याचं हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते मानभावीपणाचं वाटलं होतं. सगळा डोंगर बुटांनी तुडवायचा, खिळे ठोकायचे, दोर बांधायचे, डबे टाकायचे, आणि शेवटचे पाच-सहा फूट सोडून म्हणायचं, बघा, आम्ही देवाचा मान राखला. आपल्या सह्याद्रीत असला प्रकार नाही. १६४६ मीटरच्या कळसूबाईच्या थेट डोक्यावर देऊळ आहे आणि आम्ही लोखंडी शिड्या चढून त्याला टेकतो. आपल्याकडं देव डोंगरावर बसतो तोच मुळी माणसानं धापा टाकत यावं म्हणून. वर गेलो की आम्ही घंटा वाजवतो, भगवा लावतो, फोटो काढतो. देवाला भेटायचं असतं. भेटू नये असा देव आम्हांला समजत नाही.

पण धरणवाल्याला त्या सहा फुटांचा अर्थ खरं तर लगेच कळायला हवा होता. प्रत्येक धरणात पाण्याची सर्वांत वरची पातळी आणि धरणाचा माथा यांच्यामधे काही उंची मुद्दाम मोकळी ठेवतात. फ्री बोर्ड. तिथं पाणी कधीच भरायचं नसतं. नवखे पुढारी दर वर्षी विचारत, साहेब, एवढी भिंत बांधली तर तेवढं पाणी का सोडताय, चार गावं आणखी भिजतील की. त्यांना सांगावं लागे, ती उंची पाण्यासाठी ठेवलेली नाही. आमच्या गणितासाठी ठेवलीय. पूर किती येईल याचा आमचा अंदाज चुकू शकतो, लाटा किती उसळतील तो चुकू शकतो, माती किती बसेल तोही. आम्हांला जे माहीत नाही त्याची उंची मोजून तेवढी जागा रिकामी सोडतो. ती भरली, तर काम कितीही चांगलं असो, मातीचं धरण जातं.

ब्राउन आणि बँड यांच्या मनात हे होतं असं मी म्हणत नाही. त्यांनी शब्द दिला होता, पाळला. पण माणूस सगळं चढू शकतो हे सिद्ध झाल्यावरही जे न चढता सोडतो, त्याला मी आता मानभावी म्हणणार नाही. डोंगराला त्या सहा फुटांनी काही होत नसेल. पायांना होतं.

इथं मला एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढं जाणं बरोबर नाही. 'न शिवणे' हा शब्द मराठीत निष्पाप नाही. ज्या गावची देवराई मी बुडवली, त्या गावात न शिवण्याच्या दोन गोष्टी होत्या. एक ते रान. दुसरी खालच्या आळीतली माणसं, ज्यांना माझ्या बालपणापर्यंत पाणी वरून ओतत. गावातले जाणते दोन्हींना एकच क्रियापद वापरत. तेव्हा कुणी मला भारावून सांगायला लागलं, की काही गोष्टी अस्पर्श राहिल्या पाहिजेत, त्यात पावित्र्य आहे, तर माझा पहिला प्रश्न असतो: कुणासाठी? दोन्ही न शिवण्यांत फरक काय, यावर मी बरीच वर्षं डोकं घासलंय. एवढंच हाती लागलं, की एकात थांबणारा स्वतःला लहान करून घेतो आणि दुसऱ्यात समोरच्याला लहान करतो. ही चाचणी पुरेशी आहे असंही नाही. ताशिदिंगच्या मठात उभा असताना, तिथल्या राजांच्या आणि लामांच्या कथा ऐकताना, या पवित्र भूमीत जमीन कसणारे कोण होते आणि खंड कुणाला देत होते, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. डोंगर पवित्र असला म्हणून सावलीतली व्यवस्था पवित्र होत नाही.

ताशिदिंगला एक कलश आहे. तिबेटी वर्षाच्या पहिल्या महिन्यातल्या पौर्णिमेला, बुमछूच्या सणात, तो उघडतात. वर्षभर मोहोरबंद ठेवलेलं पाणी किती उरलं ते बघून पुढच्या वर्षाचं भाकीत करतात. कमी झालं तर दुष्काळ, ओसंडलं तर आपत्ती, गढूळ असलं तर तंटे. त्यातलं थोडं प्रसाद म्हणून वाटतात आणि राथोंग छूच्या पाण्यानं कलश पुन्हा भरतात. आम्ही गेलो तेव्हा सण होऊन गेलेला होता, कलश बंद. तरी मला हसू आलं, आणि ते चेष्टेचं नव्हतं. पंधरा ऑक्टोबरला जलाशयाची पातळी वाचून पुढच्या उन्हाळ्याचं नियोजन करण्यात माझी निम्मी नोकरी गेली. आमचा कलश मोठा होता इतकंच.

येताना रस्ता तीस्तेच्या काठानं होता. ४ ऑक्टोबर २०२३च्या पहाटेच्या पुराला सहा महिने झाले होते. तीस्ता बाजारला काही घरांचे तळमजले अजून वाळूत होते. खिडक्यांच्या चौकटी जमिनीला टेकलेल्या. उत्तरेला पाच हजार मीटरहून उंचावर दक्षिण ल्होनक हे हिमनदीच्या पायथ्याचं सरोवर. त्याच्या काठच्या गोठलेल्या हिमोढाचा मोठा तुकडा रात्री पाण्यात घसरला, लाट उसळली, बांध फुटला. चुंगथांगचं १२०० मेगावॉटच्या प्रकल्पाचं धरण त्या लोंढ्यापुढं टिकलं नाही. त्याचंही पाणी लोंढ्यात मिळालं आणि सगळं सिंगताम, रंगपोवरून खाली आलं. आमचा ड्रायव्हर नेपाळी बोलणारा, तरुण. तो म्हणाला, देवता रागावली.

मी मागच्या सीटवर गप्प बसलो, पण आतून पेटलो. कारण हिशेब लागत नाही. धरण बांधायचं ठरवणारे त्या रात्री आपापल्या घरी झोपले होते. वाहून गेले ते नदीकाठी भाड्यानं राहणारे, मजूर, बारदांगला तळ ठोकून असलेले जवान. रागावलेल्या देवाला पत्ते वाचता येत नाहीत असं म्हणायचं का? कोपाचं स्पष्टीकरण नेहमी बुडालेल्यालाच आरोपी करतं. माझ्या मते तिथं घडलं त्याला भूगोल पुरतो: हवा तापतेय, बर्फ मागं हटतंय, सरोवरं फुगताहेत, आणि हा पर्वत वयानं कोवळा असल्यानं अजून उठतोय, सरकतोय, ढासळतोय. अचल हे नाव त्याला आपण दिलं. तो मुळीच अचल नाही.

आणि तरीही. त्या ड्रायव्हरचं स्पष्टीकरण चूक, असं मानून माझ्या हातात काय उरतं? आमच्यासारख्यांकडं नकाशे होते, उपग्रहाची चित्रं होती, त्या सरोवराबद्दलचे इशारे फार आधीपासून होते. म्हाताऱ्याकडं यातलं काही नव्हतं. त्याच्याकडं फक्त एक 'नको' होतं, आणि त्या नकोला कारण विचारलं असतं तर त्यानं मला पटेल असं एकही दिलं नसतं. राथोंग छूवर त्याचं 'नको' चाललं. झोंगू या लेपचांच्या भागातल्या तरुणांनी पुढं उपोषणं केली, तिथंही काही प्रकल्प मागं घेतले गेले. चुंगथांगला चाललं नाही. चुकीच्या कारणानं योग्य ठिकाणी थांबणं आणि योग्य माहिती असून न थांबणं, यातलं ज्ञान कुठलं? निघताना हे मी त्याला विचारणार होतो, पण तो शेळ्यांमागं वर गेला होता. त्याच्या सुनेनं वाटेसाठी उकडलेली अंडी बांधून दिली.

परत आल्यावर मे महिन्यात मी जावळीला गेलो. बरीच वर्षं गेलो नव्हतो. त्या वर्षी पाणी चांगलंच खाली गेलं होतं आणि गाळातून जुनं गावठाण दिसत होतं. जोती, एक उखळ, आडाचा काठ. कौल लावणारा गुरव वारला. त्याचा नातू गावातच असतो, टेम्पो चालवतो. देवराईची जागा बघायचीय म्हटल्यावर तो म्हणाला, चला साहेब, मलाही नारळ फोडायचाच आहे. मी म्हटलं, देवी तर वर देवळात आहे. तो म्हणाला, "तिथला सकाळी फोडला की."

भेगाळलेल्या गाळावरून आम्ही पाऊण किलोमीटर चाललो. झाडाचा बुडखाही कुठं उरला नव्हता. सगळं सपाट, राखाडी, एका रंगाचं. तांदळा होता तिथं चार दगड रचलेले लांबून दिसत होते, अजून शंभर-दीडशे पावलांवर. नातू एका जागी थांबला. खूण म्हणावी असं तिथं काही नव्हतं. पण रानाची वेस तिथूनच जायची; ती मोजणी माझीच होती. त्यानं चपला काढून बाजूला ठेवल्या आणि मान खाली घालून पुढं निघाला.

मीही काढल्या. गाळ तापलेला होता.